परक्या पेशींच्या सोबतीत पिकणारं स्त्रीबीज

डिसेंबर २०२४ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथल्या एका बाळाच्या जन्माची बातमी जगभर गेली. आईच्या बीजांडकोशातून स्त्रीबीजं कच्ची असतानाच बाहेर काढली होती आणि प्रयोगशाळेत, मूळ पेशींपासून (स्टेम सेल) तयार केलेल्या आधारपेशींच्या सोबतीत ठेवून ती पक्व केली होती. तंत्र गेमेटो या अमेरिकी कंपनीचं, नाव फर्टिलो. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीला हिरवा कंदील दाखवला. तेव्हापासून या विषयावर दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, मूळ पेशींपासून बाळं घडवायला निघालेत, वेळीच आवरा. दुसरा म्हणतो, इंजेक्शनांचा जाच संपला, आता हे लवकर इथे आणा. पहिल्याला ताटलीत नेमकं काय घडतं ते ठाऊक नाही, दुसऱ्यानं आकडे पाहिलेले नाहीत. मूल व्हावं म्हणून घर गहाण टाकणाऱ्या जोडप्यांना यातल्या एकाही सुराचा उपयोग नाही. म्हणून मत आधीच मांडलेलं बरं. हे तंत्र भारतात यायला हवं. पण ते तुलना-गट असलेल्या, नोंदणी झालेल्या चाचणीच्या दारातून यायला हवं, दवाखान्याच्या दरपत्रकातून नव्हे.

आधी सरमिसळ दूर करू. 'मूळ पेशी' आणि 'स्त्रीबीज' हे शब्द एकत्र आले की तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच टोपलीत पडतात. पहिली गोष्ट, मूळ पेशींपासून स्त्रीबीजच घडवणं. जपानमध्ये कात्सुहिको हायाशी आणि मितिनोरी साइतो यांनी २०१२ मध्ये उंदरांत हे साधलं. माणसात असं फलनक्षम स्त्रीबीज अजून कुणी घडवलेलं नाही. दुसरी गोष्ट, बीजांडकोशात मूळ पेशी किंवा बाईच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव टोचून तो 'पुन्हा तरुण' करणं. याच्या जाहिराती आपल्याकडे सर्रास दिसतात, पैसेही भरपूर घेतले जातात, पण त्यानं बाळ होण्याची शक्यता वाढते हे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. तिसरी गोष्ट म्हणजे आपला विषय. इथे स्त्रीबीज त्या बाईचंच असतं. मूळ पेशींपासून बनलेल्या पेशी एक दिवस ताटलीत त्याच्या शेजारी राहतात आणि मग धुऊन काढल्या जातात. त्या बाईच्या शरीरात जात नाहीत आणि गर्भाशयात सोडल्या जाणाऱ्या भ्रूणाचा भागही होत नाहीत. पहिलीवरचा नैतिक आक्षेप आणि दुसरीवरचा फसवणुकीचा आरोप उचलून तिसरीच्या माथी मारणं हा न्याय झाला का?

शेजारी पेशी ठेवण्याची गरज का पडते, हे कळायला स्त्रीबीज मुळात पिकतं कसं ते पाहावं लागेल. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिची सगळी स्त्रीबीजं बीजांडकोशात असतात, आणि ती पेशीविभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थबकलेली असतात. हा थांबा पंधरा वर्षांचा असू शकतो, चाळीस वर्षांचाही. त्यांना थांबवून धरतात त्या भोवतालच्या ग्रॅन्युलोसा आणि क्युम्युलस पेशी. या पेशींत तयार होणारा सायक्लिक जीएमपी हा रेणू सूक्ष्म जोडनळ्यांतून स्त्रीबीजात जातो आणि तिथल्या सायक्लिक एएमपीचं विघटन रोखतो. सायक्लिक एएमपी चढा आहे तोवर विभाजनाची गाडी हलत नाही. महिन्याच्या मध्यावर एलएच या संप्रेरकाची उसळी आली की भोवतालच्या पेशी अँफिरेग्युलिन, एपिरेग्युलिन असे निरोप धाडतात, जीएमपीचा पुरवठा आटतो, केंद्रकाचं आवरण विरघळतं, गुणसूत्रांचा निम्मा वाटा पोलर बॉडी नावाच्या बारीक पेशीत बाहेर टाकला जातो आणि स्त्रीबीज फलनाला तयार होतं. शिवाय स्त्रीबीजाला ग्लुकोज धड वापरता येत नाही. भोवतालच्या पेशी ग्लुकोजचं पायरुवेट करून त्याला भरवतात. म्हणजे पिकणं हे एकट्या स्त्रीबीजाचं काम नाही, ते सगळ्या घराचं काम आहे.

ग्रेगरी पिंकस आणि एन्झमान यांनी १९३५ मध्ये सशाची स्त्रीबीजं फॉलिकलबाहेर, म्हणजे ती ज्यात वाढतात त्या बीजांडकोशातल्या द्रवभरल्या पिशवीबाहेर, काढली आणि ती आपणहून पुढे सरकताना पाहिली. थांबवून धरणारं घर सुटलं की गाडी सुटते. खरी अडचण इथेच सुरू होते. केंद्रक पुढे धावतं आणि पेशीद्रव मागे राहतो. आंब्याला कार्बाइड लावलं की सालीला रंग येतो, गर मात्र आंबट राहतो, तसंच हे. सूक्ष्मदर्शकाखाली पोलर बॉडी दिसते, भ्रूणशास्त्रज्ञ 'पक्व' अशी नोंद करतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रूण वाढायचा थांबतो, कारण सुरुवातीचे दिवस काढायला लागणारी शिदोरी पेशीद्रवात भरलेलीच नसते. आंबा नीट पिकायला अढी लागते. आधारपेशी म्हणजे प्रयोगशाळेत घातलेली अढी.

या अढीची कृती अशी. एका दात्रीच्या पेशींपासून बनवलेल्या प्रेरित बहुक्षम मूळ पेशींत (कोणत्याही प्रकारच्या पेशीत बदलू शकणाऱ्या) एनआर५ए१, रनएक्स२ आणि गाटा४ ही जनुकं चढ्या प्रमाणात चालू केली की सुमारे पाच दिवसांत त्या ग्रॅन्युलोसासारख्या पेशी होतात. त्या गोठवून ठेवता येतात. स्त्रीला फॉलिकल वाढवणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाची इंजेक्शनं दोन-तीन दिवसच दिली जातात. मग सोनोग्राफीच्या मदतीनं बारीक सुईनं, नेहमीपेक्षा कमी दाबानं, लहान फॉलिकलमधला द्रव ओढला जातो आणि सत्तर मायक्रॉनच्या जाळीतून गाळून क्युम्युलससह असलेली स्त्रीबीजं वेचली जातात. गोठवलेल्या आधारपेशी वितळवून, धुऊन, मोजून शंभर मायक्रोलिटरच्या थेंबात सुमारे एक लाख या प्रमाणात तेलाखाली ठेवतात आणि त्याच थेंबात स्त्रीबीजं सोडतात. माध्यमात एफएसएच, एचसीजी आणि अँड्रोस्टेनिडायोन ही संप्रेरकं असतात. आधारपेशी त्या अँड्रोस्टेनिडायोनचं इस्ट्रोजेन करतात, बीजांडकोशात होतं तसंच. ३७ अंश सेल्सिअस, नियंत्रित कार्बन डायऑक्साइड, कमी ऑक्सिजन आणि २४ ते २८ तास. त्यानंतर हायल्युरोनिडेज हे विकर वापरून भोवतालच्या सगळ्या पेशी उतरवतात, पोलर बॉडी पाहतात आणि पक्व स्त्रीबीजात एकेक शुक्राणू टोचतात.

यात काय बिघडतं? ओढण्याचा दाब जास्त झाला की क्युम्युलस पेशी सोलून निघतात आणि उघडं पडलेलं स्त्रीबीज शेजाऱ्याशी बोलूच शकत नाही. ताटली टेबलावर काही मिनिटं जास्त राहिली, तापमान उतरलं, की गुणसूत्रं ओढणारे तंतू विस्कटतात. पुढे ते जुळले तरी गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचा धोका राहतो. वितळवलेल्या पेशींत मेलेल्यांचं प्रमाण जास्त असेल तर त्यांचा कचरा थेंबात साचतो. पेशींची गर्दी झाली तर आम्लता बदलते. वेळ लांबला तर स्त्रीबीज पिकून उतरतं. आणि गर्भाशयाचं अस्तर या घाईत तयार झालेलं नसतं, म्हणून भ्रूण गोठवून पुढच्या चक्रात सोडावा लागतो. गोठवण्याचा हा खर्च पत्रकात वेगळ्या ओळीत येतो आणि जोडप्याला तो शेवटी कळतो. हा तपशील इतका लांबवण्याचं कारण एवढंच, की ज्या प्रयोगशाळेत साध्या आयव्हीएफचीच, म्हणजे शरीराबाहेर फलन करण्याचीच, शिस्त ढिली आहे, तिथे हे तंत्र नेल्यानं बाईच्या वाट्याला नुसती वाया गेलेली सुई येईल.

आता विरोधकांचे सर्वांत वजनदार मुद्दे. पहिला, यशाचा. प्रयोगशाळेत स्त्रीबीज पिकवणं नवं नाही आणि त्याचा इतिहास फारसा चमकदारही नाही. रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६५ मध्येच माणसाची स्त्रीबीजं ताटलीत पिकवली होती आणि १९६९ मध्ये शरीराबाहेरच्या मानवी फलनाचा जो निर्णायक शोधनिबंध आला, त्यातली स्त्रीबीजंही ताटलीतच पिकलेली होती. पण त्यांतून टिकाऊ भ्रूण मिळेनात, म्हणून एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो शरीरात पिकलेल्या स्त्रीबीजाकडे वळले आणि २५ जुलै १९७८ रोजी जगातलं पहिलं आयव्हीएफ बाळ, लुईझ ब्राउन, जन्मली. ताटलीत पिकवलेल्या स्त्रीबीजाचं बाळ दक्षिण कोरियात १९९१ मध्ये आलं, पीसीओएस (बीजांडकोशात लहान फॉलिकलांची गर्दी होण्याचा विकार) असलेल्या स्त्रीला अशा रीतीनं मूल १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात झालं, पण पद्धत कोपऱ्यातच राहिली. व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहरात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, भरपूर फॉलिकल असलेल्या ५४६ स्त्रियांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. पहिल्या भ्रूणरोपणानंतर जिवंत बाळ झालं ते ताटलीत पिकवलेल्या गटात ३५.२ टक्क्यांना आणि नेहमीच्या आयव्हीएफ गटात ४३.२ टक्क्यांना. शंभरात आठ बाळांचा फरक हा लहान फरक नाही. कर्ज काढून एकदाच प्रयत्न करू शकणाऱ्या जोडप्याला तो तुम्ही कसा समजावणार?

हे मान्यच करावं लागतं. पण त्या ३५ टक्क्यांकडे दुसऱ्या बाजूनंही पाहा. ती चाचणी आधारपेशींविना झालेली होती. त्यातल्या पद्धतीत सी-टाइप नॅट्रियुरेटिक पेप्टाइड वापरून स्त्रीबीजाला आधी दिवसभर थांबवून ठेवतात, पेशीद्रवाला गाठायला वेळ देतात आणि मग पिकू देतात. ब्रसेल्स आणि हो ची मिन्ह इथल्या संशोधकांनी ती बसवली. म्हणजे केवळ थांबा नीट दिला तरी निकाल इतका वर येतो. २०२१ मध्ये अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिननं प्रयोगशाळेत स्त्रीबीज पिकवण्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला, तो उगाच नाही. प्रश्न आता एवढाच उरतो, की या थांब्याला जिवंत शेजाराची जोड दिली तर उरलेलं अंतर भरून निघतं का? आधारपेशींवरच्या २०२३ च्या शोधनिबंधात सुमारे दोन तृतीयांश स्त्रीबीजं पक्व झाली, तर नेहमीच्या माध्यमात निम्म्याहून कमी. दहा कच्च्या स्त्रीबीजांमागे चार-पाचऐवजी सहा-सात. पुढे फलनात काही गळतात, पाचव्या दिवसापर्यंत आणखी निम्मे जातात, गुणसूत्रांच्या दोषामुळे उरलेल्यांतलेही काही जातात. या गळतीच्या रांगेत सुरुवातीला दोन स्त्रीबीजं जास्त असणं म्हणजे शेवटी रोपणाला एक भ्रूण असणं किंवा नसणं. पण इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पक्व स्त्रीबीजांची टक्केवारी म्हणजे बाळांची टक्केवारी नव्हे. हा शोधनिबंध मुख्यतः कंपनीशी संबंधित शास्त्रज्ञांचा आहे आणि त्यातली तुलना थांबा देणाऱ्या पेप्टाइड पद्धतीशी नव्हे, जुन्या माध्यमांशी आहे. दुबळ्या पैलवानाला चीत करून कुणी केसरी होत नाही.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा, आणि तो मला पहिल्याहून गंभीर वाटतो. मेंढ्या आणि गाईंचे भ्रूण सीरम (रक्तातला द्रव) घातलेल्या माध्यमात, इतर पेशींच्या सोबतीत वाढवले तेव्हा काही पिल्लं प्रमाणाबाहेर मोठी निघाली. अवयव वाढलेले, श्वास अडकलेले, काही जन्मताच गेलेली. २००१ मध्ये मेंढ्यांत त्याचा धागा आयजीएफ२आर या जनुकावरच्या रासायनिक खुणा पुसल्या जाण्यापर्यंत पोचला. जनुकाची अक्षरं तीच, खूण गेलेली. मग शेजारच्या पेशींचे स्राव मानवी स्त्रीबीजावरच्या खुणा हलवणार नाहीत याची हमी कोण देणार? उत्तर असं की तिथे भ्रूण काही दिवस सीरममध्ये होता, इथे स्त्रीबीज एक दिवस, आणि आईकडून येणाऱ्या खुणा स्त्रीबीज वाढताना, म्हणजे पिकण्याआधीच, बहुतांशी उमटून झालेल्या असतात. 'बहुतांशी' या शब्दावर मात्र थांबा. अगदी लहान फॉलिकलमधलं स्त्रीबीज अजून वाढत असतं. त्यामुळे किती मिलिमीटरच्या खालचं फॉलिकल ओढायचं नाही, ही सीमा चाचणीच्या आराखड्यात लिहिलेली हवी. जास्त स्त्रीबीजं मिळावीत म्हणून ती ओलांडण्याचा मोह होणार, हे गृहीत धरूनच ती लिहावी. आधारपेशींच्या प्रत्येक खेपेत विषाणू, मायकोप्लाझ्मा आणि न बदललेल्या मूळ पेशी शिल्लक नाहीत ना, याची तपासणीही खेपेगणिक हवी. वर्षातून एकदा काढलेलं प्रमाणपत्र इथे पुरणार नाही.

याच धोक्यावरून काही जण सरळ बंदीकडे जातात. त्यांना विचारावंसं वाटतं, आजची पद्धत धोक्याविना आहे का? नेहमीच्या आयव्हीएफमध्ये दहा-बारा दिवस रोज दीडशे ते तीनशे युनिटची इंजेक्शनं घ्यावी लागतात. पीसीओएस असलेल्या बाईत वीस-पंचवीस फॉलिकल एकदम फुगतात, ट्रिगरनंतर, म्हणजे स्त्रीबीजं पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शननंतर, रक्तवाहिन्यांतलं पाणी पोटात झिरपतं, रक्त दाट होतं, गाठी होतात. नवे प्रोटोकॉल आणि बदललेला ट्रिगर यांनी हा धोका खूप कमी केला आहे, हे खरं. पण तो शून्य झालेला नाही आणि चांगल्या केंद्राबाहेर तर तो तितका कमीही झालेला नाही. व्हिएतनामच्या त्या चाचणीत ताटलीत पिकवलेल्या गटात हा त्रास एकीलाही झाला नाही. मुंबईत २०१० मध्ये सतरा वर्षांच्या एका मुलीचा स्त्रीबीज दान केल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर दात्रीच्या संरक्षणाचा कायदा यायला २०२१ साल उजाडलं. आज त्या कायद्यानुसार दात्री २३ ते ३५ वयाची हवी, तिनं आयुष्यात एकदाच दान करायचं आणि सातपेक्षा जास्त स्त्रीबीजं काढायची नाहीत. कायदा स्त्रीबीजं मोजतो, पक्वता मोजत नाही. बाहेर काढलेल्या स्त्रीबीजांतली दहातली एक-दोन कच्चीच निघतात आणि आज ती बहुधा टाकून दिली जातात. सातातलं एक टाकणं हे त्या दात्रीच्या वेदनेचाही अपव्यय आहे.

आणि काही बायकांना तर पर्यायच नसतो. रक्ताचा कर्करोग झालेली पंचविशीतली मुलगी परळला केमोथेरपीच्या रांगेत आहे. तिच्याकडे बारा दिवस नाहीत, आणि गोठवलेला बीजांडकोशाचा तुकडा पुढे परत बसवला तर त्यातून कर्करोगाच्या पेशी परत येण्याची भीती. फ्रान्समध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांआधी एका २९ वर्षांच्या स्त्रीची सात कच्ची स्त्रीबीजं काढली, ४८ तासांत त्यांतली सहा ताटलीत पिकली, ती गोठवली आणि पाच वर्षांनी त्यांपैकी एकातून मुलगा झाला, जुलै २०१९ मध्ये. सात स्त्रीबीजांच्या भांडवलावर हे घडलं. अशा रुग्णाला, 'पुरावा पुरेसा नाही म्हणून दार बंद' हे उत्तर देण्याचा अधिकार बंदी मागणाऱ्यांना कुणी दिला? तिला चाचणीत जागा मिळाली पाहिजे.

दार बंद करण्याचा परिणाम या देशानं एकदा पाहिला आहे. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या कामातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, लुईझ ब्राउननंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, कोलकात्यात आयव्हीएफनं एक मुलगी जन्मली. त्यांनी संप्रेरकं देऊन स्त्रीबीजं वाढवली होती, भ्रूण गोठवून नंतरच्या चक्रात रोपला होता. जगानं या दोन्ही वाटा पुढे आपल्याशा केल्या. पश्चिम बंगाल सरकारनं नेमलेल्या समितीनं त्यांचा दावा फेटाळला, परदेशी परिषदेला जायची परवानगी मिळाली नाही, शेवटी त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आयुष्य संपवलं. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात आयव्हीएफनंच हर्षा चावडा जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून. पुढे याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांच्या नोंदी वाचल्या आणि १९९७ मध्ये जाहीर सांगितलं, की भारतातल्या पहिल्या आयव्हीएफ बाळाचं श्रेय आपलं नाही, त्यांचं आहे. मुखोपाध्याय यांच्या गोष्टीतून फक्त 'सरकारनं छळलं' एवढंच घेणारे अर्धी गोष्ट घेतात. आनंद कुमारांना ते सांगता आलं, कारण हातानं लिहिलेल्या नोंदी शिल्लक होत्या. आणि ते सांगायला एकोणीस वर्षं लागली, कारण ते काम इतरांना पडताळता येईल अशा रीतीनं त्या वेळी मांडलं गेलं नव्हतं आणि मांडू दिलंही गेलं नाही. समितीनं जाणकार बसवले असते, ताटल्या आणि टिपणं पाहिली असती, तर?

उलट टोकाची उदाहरणंही आहेत आणि ती घाई करणाऱ्यांनी वाचावीत. १९९७ मध्ये न्यू जर्सीत एका स्त्रीबीजात दुसऱ्या बाईच्या स्त्रीबीजाचा पेशीद्रव टोचून बाळ जन्माला घातलं. चाचणी नाही, तुलना-गट नाही. काही गर्भांत एक एक्स गुणसूत्र गायब असल्याचं आढळलं, २००१ मध्ये अमेरिकी प्रशासनानं पत्र पाठवून अडवलं आणि तंत्र तिथेच गोठलं. मुलांचं पुढे काय झालं याची विचारपूस ती ऐन किशोरवयात आल्यावर, मोजक्या पालकांना प्रश्नावली धाडून झाली. ते तंत्र चांगलं होतं की वाईट, हे आजही आपल्याला सांगता येत नाही. दुसरं उदाहरण गर्भाशयाचं अस्तर खरवडण्याचं. रोपणाआधी अस्तर खरवडलं की भ्रूण चांगला रुजतो म्हणून जगभर ते केलं गेलं, पैसे घेतले गेले, बायकांनी वेदना सोसल्या. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांच्या चाचणीचा निकाल आला. खरवडलेल्यांत जिवंत बाळ २६.१ टक्क्यांना आणि न खरवडलेल्यांतही २६.१ टक्क्यांना.

आपल्याकडे आधारपेशींचं असं होणार नाही, याची खात्री कायदा देतो का? देत नाही, आणि फट नेमकी कुठे आहे हे सांगायला हवं. २०१७ ची मूळ पेशींची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, रक्तपेशींच्या प्रत्यारोपणासारखे मान्य उपचार वगळता रुग्णावर मूळ पेशींचा वापर चाचणीतच करावा. २०१९ चे नवी औषधे व चिकित्सा चाचणी नियम मूळ पेशींपासून मिळवलेलं उत्पादन 'औषध म्हणून वापरण्याच्या हेतूनं' असेल तर त्याला नवं औषध मानतात. आता एखादा पुरवठादार म्हणेल, या पेशी रुग्णाच्या अंगात जातच नाहीत, ही ताटलीतल्या माध्यमाचीच एक सामग्री आहे, मग औषध कसलं? शब्दशः पाहिलं तर हा युक्तिवाद टिकूही शकतो. २०२१ चा सहायक प्रजनन कायदा वय, संमती, नोंदणी, दात्री यांबद्दल बोलतो. स्त्रीबीज कशात भिजत ठेवायचं याबद्दल तो बोलत नाही. केंद्रीय औषध नियंत्रकानं एका पानाचं परिपत्रक काढून हे स्पष्ट करावं: मानवी स्त्रीबीज किंवा भ्रूणाच्या संपर्कात येणारी, मूळ पेशींपासून बनलेली जिवंत पेशी हे नवं औषधच आहे. अमेरिकेनं ते तसंच धरलं. यासाठी नवा कायदा लागत नाही.

चाचणी कशी असावी, यावरही 'कठोर निकष' असं मोघम बोलून भागणार नाही. तीन गट हवेत: नेहमीचं आयव्हीएफ, पेप्टाइडनं थांबा देणारी पद्धत आणि आधारपेशी. पेप्टाइड स्वस्त आहे. त्यातूनच काम भागत असेल तर जिवंत पेशींचा धोका आणि खर्च कशासाठी घ्यायचा? मोजायचं ते दर सुरू केलेल्या बाईमागे जिवंत बाळ. दर रोपणामागे मोजलं तर ज्यांचा भ्रूण रोपणापर्यंत पोचलाच नाही त्या बायका हिशोबातून गळतात आणि आकडा आपोआप गोंडस होतो. ३५ आणि ४३ टक्क्यांतला फरक ऐंशी टक्के खात्रीनं पकडायचा तर दर गटात सुमारे सहाशे स्त्रिया लागतात. तीन गटांच्या अठराशे. एका दवाखान्याच्या आवाक्यातलं हे काम नाही, पण परळची राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था, महापालिकेची मोठी रुग्णालयं आणि बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या सार्वजनिक संस्थांनी मिळून करण्याजोगं नक्की आहे. तिथे बाईला चाचणीतल्या उपचाराचे पैसे द्यावे लागता कामा नयेत. पैसे भरून प्रयोगात सामील होणं याला संमती म्हणत नाहीत.

घ्यायचं कुणाला, हेही आताच ठरवावं. हे तंत्र फॉलिकल भरपूर असलेल्यांसाठी आहे, म्हणजे पीसीओएसवाल्या, तरुण दात्री आणि कर्करोगाच्या रुग्ण. बेचाळिशीतल्या, एएमएच (उरलेल्या स्त्रीबीजांचा अंदाज देणारं संप्रेरक) अगदी खाली गेलेल्या बाईला त्याचा उपयोग जवळपास नाही. तिच्याकडे ओढायला फॉलिकलच तीन-चार असतात आणि वयानं बिघडलेली गुणसूत्रांची वाटणी कुठलाही शेजार दुरुस्त करत नाही. पण जाहिरात नेमकी तिलाच आधी गाठणार, कारण तीच सगळ्यांत जास्त अगतिक असते आणि काहीही विकत घ्यायला तयार असते. तेव्हा चाचणीबाहेर हे तंत्र विकणाऱ्या दवाखान्याची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार सहायक प्रजनन कायद्याखालच्या राज्याच्या समुचित प्राधिकरणानं वापरावा, तक्रार यायची वाट पाहू नये.

उरते मुलांची नोंद. देशात सहायक प्रजनन केंद्रांची राष्ट्रीय नोंदवही आधीच आहे. तिच्या फॉर्मात स्त्रीबीज शरीरात पिकलं की ताटलीत, ताटलीत असेल तर कोणत्या माध्यमात, किती तास, आधारपेशींची कोणती खेप, एवढ्या चार रकान्यांची भर घालायची. जन्माच्या वेळचं वजन आणि व्यंगं, मग दोन, पाच आणि दहा वर्षांची वाढ आईवडिलांच्या संमतीनं त्याच क्रमांकाला जोडायची. खुणा पुसल्या गेल्याचा परिणाम जन्मतःच दिसेल असं नाही, तो वाढीत दिसतो. हे रकाने पहिलं स्त्रीबीज थेंबात सोडण्याआधी छापून झालेले असले पाहिजेत. नंतर जुनी कागदपत्रं उपसून खेपेचा क्रमांक सापडत नसतो.